एका अंगठ्याची पंचायत

मुलांच्या भ्रमणध्वनीवरील खेळांविषयी आपल्याकडे जे काही लिहिले-बोलले जाते ते बहुतांशी एकाच शब्दाभोवती घुटमळते, आणि तो शब्द म्हणजे 'व्यसन'. डोळे बिघडतात, झोप जाते, अभ्यास बुडतो, पैसे उडतात. हे सगळे खरे धरूनही आम्हांस असे वाटते की या एका शब्दाने मोठ्यांची फार मोठी सोय केली आहे. व्यसन म्हटले की मुलगा रोगी ठरतो. आणि रोग्याला कोणी विचारीत नाही की बाबा रे, तिथे तू कोणाबरोबर असतोस, तिथले कायदे कोण करतो, आणि तुझ्यावर अन्याय झाला तर दाद कोणाकडे मागतोस. पोर खेळते किती हे घड्याळ लावून मोजणारे पालक आम्ही पुष्कळ पाहिले. पोर तिथे वागते कसे आणि त्याच्याशी वागले जाते कसे, हे विचारणारा विरळा.

उदाहरणादाखल मलकापूर घेऊ. कोल्हापूर–रत्नागिरी रस्त्यावर, आंबा घाटाच्या अलीकडचे हे गाव. तालुक्याला नाव शाहूवाडीचे, नगरपरिषद मात्र मलकापुरात; एकेकाळी विशाळगडच्या जहागिरीचे ठाणे इथेच होते. पावसाळ्यात घाटमाथ्याचा पाऊस दिवसचे दिवस उसंत देत नाही, वीज जाते, आणि कधी विजेमागोमाग रेंजही जाते. अशा गावातला सोळा-सतरा वर्षांचा मुलगा संध्याकाळी कट्ट्यावर बसून हातातल्या पडद्यावर ज्या मंडळीत वावरत असतो, ती मंडळी मलकापुरातली असतेच असे नाही. तीत कोणी पाटण्याचा असेल, कोणी इंदूरचा, कोणी पार नेपाळातला. बोलणे हिंदीत. एकमेकांची खरी नावे क्वचितच ठाऊक. 'फ्री फायर' या खेळात अशा मंडळीला गिल्ड म्हणतात, 'बीजीएमआय' आणि 'क्लॅश ऑफ क्लॅन्स' या खेळांत क्लॅन. आम्ही सोयीसाठी तिला संघ म्हणू आणि तिच्या प्रमुखाला म्होरक्या.

या संघांचे नियम वाचण्यासारखे असतात. रोज हजेरी लावली पाहिजे. युद्धाच्या वेळी आपल्या वाट्याचे दोन्ही हल्ले केलेच पाहिजेत. मागेल त्याला सैन्य दिले पाहिजे. आठवड्याचे ठरलेले गुण मिळवून संघाच्या खात्यात टाकले पाहिजेत. खेळताना माइक चालू हवा. दुसऱ्या संघात डोकावायचे नाही. आणि शेवटी बहुधा एक कलम असते: म्होरक्याचा निर्णय अखेरचा. आमच्या मते साऱ्या नियमावलीत हेच तेवढे लक्ष देण्याजोगे आहे, कारण बाकीची कलमे सभासदांवर लागू होतात आणि हे एकटे म्होरक्याला मोकळे सोडते. सभासदाने संघासाठी काय करावे याची यादी लांबलचक. संघाने सभासदासाठी काय करावे याविषयी अवाक्षर नाही.

मोडणाऱ्याला शिक्षा एकच. 'क्लॅश ऑफ क्लॅन्स'मध्ये सभासदाला हाकलायचे तर त्याच्या नावावर बोट ठेवायचे आणि एक बटण दाबायचे. हा अधिकार एकट्या म्होरक्याला नाही. को-लीडर आणि एल्डर नावाच्या त्याच्या हाताखालच्या मानकऱ्यांनाही तो असतो. कारण लिहायला एक लहानशी चौकट समोर येते, पण तिच्यात खरे कारण लिहिलेच पाहिजे अशी सक्ती नाही. बाहेर पडलेल्याला निरोप पोहोचतो तोवर संघाच्या संभाषणाचे दार त्याच्यापुरते बंद झालेले असते. आरोप, निकाल आणि अंमलबजावणी ही तिन्ही कामे एकाच अंगठ्याने एका क्षणात उरकतात. फिर्यादी तोच, न्यायाधीश तोच, बेलीफही तोच. आरोपीचे उत्तर तेवढे कोणी ऐकत नाही, कारण ते द्यायला जागाच ठेवलेली नाही.

आता जुलै महिना डोळ्यांसमोर आणावा. भाताची लावण चालू आहे. घरातला कर्ता मुंबईला नोकरीला असला तर कॉलेजात जाणाऱ्या मुलालाही चिखलात उतरावेच लागते. मोबाइल घरी, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून फळीवर ठेवलेला. संध्याकाळी चिखल धुऊन, जेवून तो पडदा उघडतो तेव्हा कळते की आपण दोन वर्षे ज्या संघात होतो त्या संघात आपण आता नाही. युद्धातले दोन हल्ले चुकले होते. हे आम्ही कल्पनेने लिहीत आहो. पण ज्यांच्या घरात या वयाची मुले आहेत त्यांनी विचारून पाहावे, याच्या जवळपासचे काही ऐकायला मिळेल याविषयी आम्हांस शंका नाही. पाटण्याच्या किंवा इंदूरच्या म्होरक्याला लावण म्हणजे काय हे ठाऊक नसते असेही नाही. ते विचारावे असे त्याच्यावर बंधन नसते, एवढेच.

"अहो, खेळच तो!" असे कोणी म्हणेल. हा आक्षेप आम्हांस सर्वांत दुबळा वाटतो. दोन वर्षांच्या संध्याकाळी जिथे गेल्या, जिथे पहिल्यांदा कोणी आपल्या कसबाची वाहवा केली, वडिलांशी झालेले भांडण ज्या कोणाला सांगितले, ते ठिकाण पडद्यावर होते म्हणून ती माणसे पडद्याची होत नाहीत. शिवाय त्यांतल्या बहुतेकांचे फोन नंबर त्याच्याजवळ नसतात. संघ गेला की ती माणसे गेली. भजनी मंडळातून काढलेल्या माणसाला निदान दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर टाळकरी भेटतो. (भजनी मंडळातून, अर्थात, कोणी कोणाला काढीत नाही. तीस वर्षे बेसूर गाणारा एक गृहस्थ प्रत्येक मंडळात असतो, आणि त्याचा आवाज आला नाही तर लोक त्याच्या घरी विचारपूस करायला जातात.)

दुसरा आक्षेप मात्र वजनाचा आहे. शिस्तीशिवाय संघ चालत नाही, असे म्होरके म्हणतात, आणि ते खरेच आहे. 2004 साली आलेल्या 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मध्ये सुरुवातीच्या मोठ्या मोहिमांना 40 खेळाडू एका वेळी लागत. चाळीसांतल्या दोघांनी ऐनवेळी पाठ फिरवली तर उरलेल्या अडतीसांची रात्र फुकट. हजेरीची अपेक्षा तिथे जुलूम नव्हे, ती उरलेल्यांची कदर आहे. त्याही आधी, 1999 च्या सुमारास 'एव्हरक्वेस्ट' या खेळातल्या आफ्टरलाइफ नावाच्या संघाने लुटीची वाटणी न्याय्य व्हावी म्हणून गुणांची एक पद्धत काढली: जो मोहिमेला आला त्याच्या खात्यात गुण जमा, आणि मौल्यवान वस्तू हवी असेल तर त्याने ते गुण मोजायचे. ड्रॅगन किल पॉइंट्स या गमतीदार नावाने ही पद्धत पुढे जगभर पसरली. तिच्यातही खोटेपणा शिरला, हिशेबावरून भांडणे झाली. तरी एक गोष्ट तिने मान्य केली होती, की सभासदाकडून घेतले तर त्याच्या नावावर काहीतरी जमा झाले पाहिजे, आणि ती वही सर्वांना पाहता आली पाहिजे. तेव्हा शिस्तीशी आमचे भांडण नाही. एकतर्फी शिस्तीशी आहे.

आणि ती एकतर्फी का होते हेही पाहायला हवे. 'क्लॅश ऑफ क्लॅन्स'मध्ये संघाला जास्तीत जास्त 50 सभासद घेता येतात. जागा मोजक्या, क्रमवारीचा तक्ता सतत डोळ्यांसमोर. मग एक सुस्त सभासद म्हणजे अडवून ठेवलेली जागा वाटू लागते. ही रचना म्होरक्याने केलेली नाही, कंपनीने केली आहे. मुलांनी रोज यावे, वारंवार यावे, यात हित कंपनीचे. त्यांना रोज आणण्याचे काम मात्र म्होरका करतो, तेही फुकट. आमच्या भागात ऊसतोडीच्या टोळ्या आणणाऱ्या मुकादमाला सर्व ओळखतात. तो टोळी जमवतो, कामावर आणतो, कोणी पळाला तर त्याच्या घरी जाऊन उभा राहतो. म्होरका हा कंपनीचा बिनपगारी मुकादम आहे. फरक इतकाच की ऊसतोडीचा मुकादम, त्याला कितीही नावे ठेवा, निदान आधी उचल तरी देतो.

आता थोडे कायद्याकडे वळू. मलकापूरच्या आसपासच्या खेड्यांत दूध संस्था आहेत. त्यांतल्या एखाद्या संस्थेला आपला सभासद काढून टाकायचा असेल तर अध्यक्षांना मनात येईल तेव्हा तसे करता येत नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 याचे 35 वे कलम सांगते की त्यासाठी सर्वसाधारण सभा बोलवावी लागते, हजर असलेल्या आणि मतदानाचा हक्क असलेल्या सभासदांपैकी किमान तीन चतुर्थांश सभासदांनी ठराव मंजूर करावा लागतो, ज्याला काढायचे त्याला सभेपुढे आपली बाजू मांडण्याची संधी द्यावी लागते, आणि एवढे होऊनही निबंधकाची मान्यता मिळेपर्यंत तो ठराव अमलात येत नाही. दोन म्हशींचे दूध घालणाऱ्या शेतकऱ्यासाठी कायद्याने चार कड्या घातल्या आहेत. त्याच्याच मुलाला त्याच्या मंडळीतून बाहेर काढायला एकही कडी नाही.

हे कलम कायदा करणाऱ्यांच्या उदारपणातून आले असे कोणी समजू नये. अध्यक्षाच्या हाती माणूस काढण्याचा अधिकार मोकळा राहिला तर तो कसा वापरला जाईल याची ज्यांना कल्पना होती त्यांनीच ते लिहिले असणार. इथे आमच्या मुद्द्याची कडू बाजू येते. गावोगावचे सद्गृहस्थ म्हणतात की ही मुले परक्या खेळांतून परक्या रीती शिकली. आमचे म्हणणे नेमके उलट आहे. या रीती परक्या नाहीतच. तरुण मंडळाच्या अध्यक्षाचा शब्द अखेरचा असतो. वर्गणीचा हिशेब विचारणारा पुढच्या वर्षी कार्यकारिणीत नसतो. संस्थेच्या सभेत हात वर करून प्रश्न विचारणाऱ्याला 'विरोधक' म्हणतात. वाळीत टाकणे हा शब्द मराठीत कोणत्याही खेळाच्या आधीपासून आहे. जातपंचायतींनी माणसे आणि कुटुंबेच्या कुटुंबे वाळीत टाकण्याचे प्रकार इतके झाले की अखेर महाराष्ट्राला 2016 साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा मंजूर करावा लागला आणि 2017 साली तो लागू झाला. बहिष्कार टाकणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी त्यात तरतूद आहे. खेळातून हाकलणे आणि गावात पाणी-लग्न-मयत बंद करणे या गोष्टी एका तागडीत तोलण्याइतके आम्ही भाबडे नाही. एकात जगणे मोडते, दुसऱ्यात संध्याकाळ मोडते. परंतु दोन्हींतला मनोधर्म एकच आहे: आम्ही ठरवले, तू ऐकायचे, कारण विचारायचे नाही. पोराने तो कंपनीकडून उचलला असेल त्याहून कितीतरी अधिक आमच्या ओट्यांवरून उचललेला आहे.

कोल्हापूर म्हटले की अशा वेळी कोणीतरी तालमीचे नाव काढतो. गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी. हौद्यातली लाल माती, तेल-हळद-ताक घालून ती मळणे, पहाटे सर्वांनी मिळून ती उकरणे, वस्तादाच्या नजरेखाली जोड करणे. ही सामूहिक वागणुकीची शाळा होती यात शंका नाही. नव्या पोराला वस्ताद त्याच्या बेताची जोड देई. पडेल त्याला उठवावे, चीत केलेल्याच्या छातीवर बसून राहू नये, हे मातीतच शिकवले जाई. समूहाने सभासदासाठी काय करावे याचाही एक धडा याच कोल्हापुरात आहे. 1952 साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकला जायला खाशाबा जाधवांकडे पैसे नव्हते, तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून 7000 रुपये उभे केले. गावकऱ्यांनीही वर्गणी दिली. खाशाबा कांस्यपदक घेऊन परतले आणि कुस्त्या लढून त्यांनी ते देणे फेडले असे सांगतात. अपेक्षा दोन्ही बाजूंनी होत्या, आणि दोन्ही बाजूंनी पाळल्या गेल्या.

तथापि तालमीच्या आठवणीने डोळे ओले करणाऱ्यांनी हेही आठवावे की त्या मातीत मुलींना कित्येक पिढ्या पाय ठेवता आला नाही, आणि वस्तादाविरुद्ध तक्रार करायला तिथेही जागा नव्हती. वस्ताद चांगला निघाला तर पोराचे भाग्य. 'वस्ताद एक डाव राखून ठेवतो' ही म्हण आपण कौतुकाने सांगतो. तिच्यात शिष्यावरचा अविश्वास किती आहे हे आपल्या लक्षात येत नाही.

मुलींचा विषय निघालाच आहे तर त्यावर थोडे थांबणे भाग आहे. माइक चालू ठेवण्याचा जो नियम वर सांगितला तो दिसायला किती निरुपद्रवी आहे! समोरून शत्रू आला तर सोबत्यांना कळले पाहिजे, एवढाच त्याचा हेतू. पण मुलाचे टोपणनाव घेऊन खेळणाऱ्या मुलीला हा नियम म्हणजे आपली ओळख उघडी करण्याचा हुकूम असतो. आवाज ऐकू आला की पहिल्या मिनिटाला आश्चर्य, दुसऱ्या मिनिटाला लगट, आणि तिने झिडकारले की तिसऱ्या मिनिटाला शिव्या, हा क्रम या खेळांत वावरणाऱ्या कोणालाही नवा नाही. ती गप्प राहिली तर नियमभंग म्हणून बाहेर. बोलली तर स्वतः होऊन बाहेर. आणि ज्याने शिव्या दिल्या तो? त्याचे गुण चांगले असतात, म्हणून तो आत. नियमावलीत 'शिवीगाळ करू नये' असे कलम बहुधा असते. परंतु हजेरीचे कलम मोडले तर आकड्यांत दिसते आणि शिवीचे कलम मोडले तर कुठल्याच तक्त्यात दिसत नाही. जे मोजले जाते तेच वागणे ठरते. आमच्या लेखी संघाची परीक्षा इथे होते, युद्धाच्या निकालात नव्हे.

हे सगळे सुटण्याजोगे आहे का? एक जुनी हकीकत सांगतो. 1990 च्या सुमारास अमेरिकेत, झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात पॅव्हेल कर्टिस यांनी लॅम्ब्डामू नावाचे एक जग उभे केले होते. चित्रे नाहीत, सगळे शब्दांतले. लोक टोपणनावाने येत, बोलत, घरे बांधीत. तिथे मिस्टर बंगल नावाच्या एका पात्राने इतर पात्रांवर, त्यांच्या इच्छेविरुद्ध, शब्दांतून किळसवाणे लैंगिक अत्याचार केले. ज्युलियन डिबेल यांनी 1993 च्या डिसेंबरात 'व्हिलेज व्हॉइस' या न्यूयॉर्कच्या साप्ताहिकात त्यावर लिहिलेला लेख पुढे प्रसिद्ध झाला. रहिवाशांनी सभा भरवली. तास न् तास वाद झाला. खुद्द आरोपी सभेत आला, त्याला जाब विचारला गेला, त्याने काहीतरी उडवाउडवीचे उत्तर दिले. सभेचा निर्णय होईना. शेवटी व्यवस्थापकांपैकी एकाने एकट्यानेच ते पात्र नष्ट केले. शिक्षा योग्य होती असे बहुतेकांना वाटले; ती देण्याची रीत मात्र अनेकांना खटकली. मग कर्टिस यांनी रहिवाशांना अर्ज करून मतदान मागता येईल अशी व्यवस्था आणली. ती व्यवस्था आदर्श चालली असे नव्हे. आम्हांस तीतले महत्त्व वेगळ्या गोष्टीचे वाटते: एवढा उघड अपराध असूनही तिथल्या लोकांना असे वाटले की कोणाला काढायचे ते एका माणसाने रात्री एकटे बसून ठरवू नये. आमच्याकडे दोन हल्ले चुकल्यावर हा विचार कोणाच्या मनात येत नाही.

सरकार यात काय करणार? पबजी 2020 च्या सप्टेंबरात बंद झाला, फ्री फायर 2022 च्या फेब्रुवारीत. मुले त्याच खेळांच्या दुसऱ्या अवतारांकडे गेली आणि संघ नव्या नावाने उभे राहिले. 2025 च्या ऑगस्टमध्ये ऑनलाइन खेळांविषयीचा केंद्रीय कायदा मंजूर झाला. पैसे लावून खेळायच्या खेळांवर त्याने बंदी घातली आणि ई-क्रीडेला त्यांहून वेगळे काढले. ते योग्यच. पण त्याची नजर पैशावर आहे, वागणुकीवर नाही, आणि वागणुकीसाठी दिल्लीहून निबंधक नेमावा अशी आमचीही मागणी नाही.

मागणी आहे ती मलकापुरातल्या त्या कट्ट्यावरच्या चार-सहा जणांकडे, ज्यांना पाटण्याच्या म्होरक्याची वाट पाहण्याचे कारण नाही. संघ स्वतः काढता येतो, त्याला पैसे पडत असले तर ते खेळातले. नियम मराठीत लिहावेत, म्हणजे घरातल्या कोणालाही ते वाचता येतील. माइक ऐच्छिक ठेवावा. शत्रू आल्याचे सांगायला खेळात खुणा असतात. कोणाला काढायचे तर निदान तिघांनी ठरवावे आणि आधी एक दिवस त्याला विचारावे की काय झाले. ती कारणाची चौकट रिकामी सोडू नये. तीन शब्द मावतात तिथे. शिवी देणारा कितीही नेमबाज असला तरी हजेरी चुकवणाऱ्याच्या आधी तो बाहेर जावा. जो दोन वर्षे नियमाने आला त्याच्या चार गैरहजेऱ्या त्या दोन वर्षांतून वजा व्हाव्यात. ड्रॅगन मारणाऱ्यांना हे 1999 साली सुचले होते. आणि सुट्ट्यांचे वेळापत्रक वर्षाच्या आरंभीच लावून टाकावे, कारण बारावीची परीक्षा फेब्रुवारीत येते आणि लावण जुलैत, हे मलकापुरातल्या म्होरक्याला कोणी वेगळे सांगावे लागत नाही.